मॅगझीन धरणारे शिपाई

जर्मनीतल्या बाबेल्सबर्गच्या फिल्म स्टुडिओत मी जन्मभर सिनेमातल्या बंदुका सांभाळल्या. त्यामुळे रविवारी टीव्हीवर युद्धपट लागला की माझं डोकं फिरतं. पडद्यावरचा प्रत्येक जर्मन शिपाई एमपी-४० ही छोटी मशीनगन घेऊन येतो आणि तिचं खाली लोंबणारं, गोळ्या भरलेलं मॅगझीनच मुठीत धरतो. तसं धरलं की गोळी अडकते. मी ओरडायचो आणि माझी बायको इर्मट्राउट म्हणायची, "एगोन, तोंड बंद कर. मला बघू दे."

ती मार्चमध्ये गेली. आता तिची धाकटी बहीण रोसविता केक घेऊन सोबतीला येते.

"पुन्हा मॅगझीन धरलं गाढवानं!" मी काल ओरडलो.

"खरंच की, भावोजी," ती हळूच म्हणाली.

"आणि सगळ्यांकडे तीच बंदूक! खऱ्या युद्धात बहुतेकांकडे साध्या रायफली असायच्या."

"हो ना, भावोजी."

तिच्या त्या होकारांचा मला सिनेमापेक्षा जास्त वैताग आला.

"रोसविता, हो-हो करू नकोस. तुझी बहीण मला गप्प करायची."

तिनं बशी आदळली. "मग गप्प बसा की! तुमच्या आरड्याओरड्यात कोण कुणाला मारतंय तेसुद्धा कळत नाहीये."

पुढच्या शिपायानंही मॅगझीनच धरलं होतं. मी कॉफी प्यायलो.