तीन बोटांचं अंतर

मी एक जुना ओळंबा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी पाहिलंही नसेल, म्हणून आधी माझं काम सांगतो. मी भोवऱ्याएवढा पितळेचा गोळा. माझ्या डोक्यातून एक दोरी निघते आणि त्या दोरीत एक लाकडी ठोकळा ओवलेला असतो. गवंडी तो ठोकळा भिंतीच्या वरच्या थराला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला जेमतेम शिवलो, तर भिंत सरळ. मी दूर लटकलो, तर ती बाहेर झुकलेली. एवढंच मला कळतं, पण ते पक्कं कळतं.

बांद्याच्या बाजारात एका तांबटानं मोडक्या समईचं पितळ वितळवून मला ओतलं. तिथून शिवा गवंड्यानं मला घेतलं. धामापूरपासून कट्टा गावापर्यंत आम्ही दोघांनी किती घरं उभी केली! लोक म्हणत, ‘शिवाचो हात लागलो काय भिंत सरळच.’ मला थोडा राग यायचा. अहो, सरळपणा मी सांगायचा आणि नाव हाताचं! पण शिवा घरी गेला की मला तेलाच्या फडक्यानं पुसायचा, आणि माझा राग उतरायचा.

सन एकोणीसशे एकसष्टच्या दिवाळीनंतर आम्हाला सर्वांत मोठं काम मिळालं. कट्ट्यापलीकडच्या माळावर नवं कॉलेज निघालं होतं, आणि तिथल्या मुलांसाठी व्यायामशाळा बांधायची होती. आत मल्लखांब, कुस्तीचा हौदा, बाहेर धावण्याची पट्टी. व्यायाम शिकवणारे सत्यवान सर रोज संध्याकाळी कॉलेजच्या फळ्यावर खडूनं लिहीत: ‘आज पूर्व भिंत, सात थर.’ मुलं ते वाचून टाळ्या पिटत. बाजाराला जाणारी माणसंही वाट सोडून माळावर येत आणि विचारत, “शिवा, भिंत खंय पावली रे?” मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

तीन भिंती झाल्या आणि खाणीवरचे वाळलेले चिरे संपले. मित्रांनो, आमच्याकडचा जांभा चिरा खाणीतून काढला की ओला आणि मऊ असतो. तो उघड्यावर ठेवून ऊन, वारा खाऊ द्यावा लागतो, मग तो टणक होतो. शिवा म्हणाला, “चिरे ओले आसत. पश्चिमेची भिंत फुडल्या वर्साक बांधूया.” पण संस्थेचे अध्यक्ष मुंबईला असत. ते फक्त मे महिन्यात गावी येत, आणि त्यांच्या हातूनच आढ्याचा नारळ फुटायला हवा होता. गावचे मानकरी परशुराम म्हणाले, “वर्सभर थांबूक कोण सांगता? उचल चिरे.” शिवानं उचलले.

मे महिन्यात आढं चढलं, नारळ फुटला. परशुरामांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ही वास्तू आज पुरी झाली, ती तुझ्या पायाकडे ठेवलंव. हिचो सांभाळ कर रे म्हाराजा!” सगळे ओरडले, “होय म्हाराजा!” शिवाही ओरडला. खरं तर कौलं चढायची होती, गिलावा व्हायचा होता. पण पुरी झाली म्हणून देवाला सांगून झालं होतं.

आषाढात शिवानं मला पश्चिमेच्या भिंतीवरून सोडलं. मी एक बोट दूर राहिलो. शिवाची बायको तुळसा खाली चुना कालवत होती. तिनं वर पाहिलं.

“अवो, ह्या अंतर कसला?”

“गप ऱ्हव गो. देवाक सांगून झाला. आता त्या भिंतीक हात लावूचो नाय.”

श्रावणात दोन बोटं झाली. त्यानंतर शिवानं मला खिशातून बाहेर काढलंच नाही. त्याच्या खिशात तंबाखूच्या पुडीशेजारी पडून मी चरफडत होतो. मला वाटायचं, हा भित्रा आहे. आज वाटतं, मी तरी काय केलं? मी खरं सांगतो, पण कुणी मला धरून उभं राहिलं तरच.

दसऱ्याला व्यायामशाळा मुलांना मोकळी व्हायची होती. त्या सकाळी तुळसानं पाटावर हत्यारं मांडली. थापी, हातोडा, काटकोन बघायचा गुण्या. सगळ्यांना हळदकुंकू लावून तिनं हात पुढे केला, “ओळंबो द्या.”

शिवानं मला काढलं. मी हिरवा पडलो होतो. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मला मुठीत धरून, अनवाणी, तो माळाकडे निघाला.

व्यायामशाळेत तीसेक मुलं रांगेत उभी होती. मल्लखांबाला हार घातला होता, आणि तो नेमका पश्चिमेच्या भिंतीजवळच पुरला होता. शिवा दारातूनच म्हणाला, “सर, पोरांका भायर काढा.”

“का? काय झालं, शिवाभाऊ?”

सर आणि समारंभाला आलेले परशुराम बाहेर आले. शिवा शिडीवर चढला आणि त्यानं त्यांच्यासमोर मला बाहेरच्या अंगानं सोडलं. मी तीन बोटं दूर लटकलो.

“चूक माझी आसा,” तो म्हणाला. “चिरे ओले होते, माका म्हायत होता. भिंत भायर जाता, ता पण म्हायत होता. मी सांगूक नाय.”

परशुराम लाल झाले. “देवाक पुरी म्हणान सांगलली वास्तू तू पाडूक सांगतंस? तेवा तुका दिसाक नाय काय?”

सत्यवान सरांनी माझी दोरी स्वतः धरून पाहिली. मग ते दारातून मुलांना म्हणाले, “सगळे बाहेर या.”

भिंत उतरवली. फळ्यावरचा आकडा रोज कमी होऊ लागला. अकरा, दहा, नऊ. कुणी टाळ्या पिटल्या नाहीत. चिरे आपोआप गडगडले नाहीत, एकेक पहारीनं सोडवावा लागला. ते पाहून लोक म्हणाले, “बघा, भिंत घट्ट होती. शिवान देवाक खोटा पाडल्यान.” ती पडली असती का? मला माहीत नाही. मला फक्त तीन बोटं ठाऊक होती.

पुढच्या वर्षी बांद्याच्या गवंड्यानं नवी भिंत बांधली. व्यायामशाळा सुरू झाली. शिवाला मात्र कुणी काम देईना. लोक म्हणत, हा स्वतःच्याच कामात खोट काढतो, ह्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? तो चिरेखाणीवर दगड फोडायला जाऊ लागला. मी घरात कोनाड्यात पडलो.

एकदा जेवताना तुळसा म्हणाली, “तुमी सांगलास ता बरा केलास.”

शिवाचा घास हातातच राहिला. “बरा केलंय, मग माका कामाक कोण बोलवणा नाय ता कित्याक?”

तुळसानं त्याच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

मित्रांनो, मला पुसा, नीट ठेवा, असं मी म्हणणार नाही. मी पितळेचा आहे, कोनाड्यातही टिकेन. मागणं एवढंच आहे. कुणी आपली चूक आपल्याच तोंडानं सांगायला तुमच्या दारात आला, तर त्याला आधी बसायला पाट द्या. रागवायचं ते मग रागवा. शिवा त्या दिवशी उभाच होता, आणि उभाच परत गेला.