निघाला तसा

मनकर्णाने ट्रान्झिस्टरचं मागचं झाकण उघडलं, चारही सेल बाहेर काढले आणि पदराने पुसून नवऱ्यापुढे ठेवले.

"हे बी घेऊन जावा."

गहिनीनाथ बॅग भरत होता. याशिका कॅमेरा, दोन रोल, काळं फडकं आणि फ्लॅशची खांद्याला अडकवायची पेटी. पेटीला टॉर्चचे चार जाड सेल लागत, आणि ट्रान्झिस्टरलाही तेच. घरात चार-चार सेलचे दोनच संच होते. त्यामुळे लांबच्या कामाला निघताना दर वेळी हा प्रश्न पडे.

"ठिव माघारी," तो म्हणाला. "चार फोटू तर काढायचेत."

"पेटीतले दोन महिन्याचे झाले. तुमीच म्हनला हुता."

"आत्ता लावून बघितला की. लख्ख उजेड पडला."

"डोंगरात सेल मिळायचे न्हाईत."

"आन तू दोन दिवस काय करशील? भिंतीकडं बघत बसशील?"

दोन वर्षांपासून तिचे गुडघे धरले होते. भिंतीच्या आधाराने चुलीपर्यंत जायची, तेवढंच. मूलबाळ नव्हतं. गहिनीनाथ बेलापुरातलं आपलं फोटोचं दुकान उघडायला गेला की संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलणारा तो रेडिओच. दुपारची गाणी, शेतीचा कार्यक्रम, सोलापूरचे बाजारभाव, सगळं ती ऐके आणि जेवताना त्याला सांगे.

त्याने सेल पुन्हा रेडिओत बसवले आणि बटण फिरवून पाहिलं. आवाज आला. बाहेर कडक ऊन होतं. भाद्रपद अर्धा झाला तरी बेलापुरात पावसाचा पत्ता नव्हता. एवढ्या उन्हात फ्लॅश लागतोय कशाला, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

तो निघाला होता बन्सीच्या घरी. बन्सी पलटणीत शिपाई होता, अकोले तालुक्यात राजूरच्याही पुढच्या एका खेड्यातला. त्याची थोरली बहीण छबूबाई बेलापुरात दिलेली. रजा संपवून परत जाताना बन्सी एक दिवस बहिणीकडे राहिला होता आणि तिच्या आग्रहावरून वर्दीवर फोटो काढायला दुकानात आला होता. कॅमेऱ्यापुढे ताठ बसला. पण फोटो झाल्यावर उठेना.

"घरी पोटुशी हाय," तो म्हणाला होता. "आता वरीसभर रजा न्हाई. पोर झालं का तुमी आमच्या घरी जाऊन एक फोटू काढून पाठवाल का, भाऊ? आमच्याकडं तसलं कुनी न्हाई."

गहिनीनाथने हो म्हटलं. ज्येष्ठात बन्सीच्या बायकोला, झुंबरला, माहेरी मुलगा झाला. भाद्रपदात ती बाळ घेऊन सासरी आली. तसा छबूबाईने निरोप दिला आणि एकाहत्तर सालच्या त्या सकाळी गहिनीनाथने संगमनेरची एसटी धरली.

अकोल्याच्या पुढे आभाळ खाली उतरलं. राजूरला तो उतरला तेव्हा पाऊस सरळ ओतत होता. बन्सीचा बाप सहादेव इरलं घेऊन स्टँडवर सकाळपासून उभा होता. वाळक्या अंगाचा, साठीचा माणूस. त्याने इरलं गहिनीनाथच्या आणि बॅगेच्या डोक्यावर धरलं आणि स्वतः भिजत दोन कोस चालला.

घर बुटकं. पावसाची झड आत येऊ नये म्हणून ओटी गवताच्या ताट्यांनी बंद केलेली. भरदुपारी आत माणूस ओळखू येत नव्हतं. झुंबर आतल्या खोलीच्या दारात उभी होती, अठरा-एकोणीस वर्षांची, काकणभर जास्तच नटलेली. कडेवरचं बाळ तीन महिन्यांचं, अंगठ्यासह सगळी मूठ तोंडात घालणारं.

शेजाऱ्याकडून खुर्ची आणली होती. गहिनीनाथ म्हणाला, "आधी मायलेकाचा घेऊ."

"आधी मामंजींचा घ्या," झुंबर हळूच म्हणाली. तिचं माणसांपुढचं ते पहिलं वाक्य. मोठ्या माणसाच्या आधी आपण कसं बसावं, एवढाच तिचा विचार.

सहादेव नको नको म्हणाला, पण फेटा बांधून तयारच होता. तो बसला. हात गुडघ्यांवर ठेवले. फ्लॅश उडाला, पांढराशुभ्र, आणि गोठ्यातला बैल दचकून उठला. सगळे हसले.

मग झुंबर खुर्चीवर बसली. तिने बाळाचं टोपडं सारखं केलं. गहिनीनाथ पेटीवरचा नारिंगी दिवा लागायची वाट पाहू लागला. तो लागल्याशिवाय फ्लॅश उडत नाही. दिवा लागेना. त्याने सेल काढले; दोन ओलसर लागले, पाझरले होते. फडक्याने पुसून, उलटसुलट करून, चुलीशी शेकून पुन्हा घातले. दिवा लागला नाही.

"काय झालं?" सहादेवने विचारलं.

"सेल गेले."

सहादेव पावसात गेला आणि पोलीसपाटलाच्या घरून टॉर्च घेऊन आला. तीत दोनच सेल होते. दोन नव्या सेलांनी आणि दोन मेलेल्यांनी काही होत नाही हे गहिनीनाथला ठाऊक होतं. तरी त्याने ते घातले, कारण म्हातारा समोर पाणी निथळत उभा होता.

शेवटी त्याने एक ताटी सोडवली, पाटा-वरवंट्याच्या चौथऱ्यावर कॅमेरा टेकवला, झुंबरला उजेडाकडे बसवलं आणि झडप सेकंदभर उघडी ठेवून फोटो घेतले. "हलू नका," तो म्हणाला. झुंबर श्वास धरून बसली. बाळाला कोण सांगणार? तीन वेळा घेतला, तिन्ही वेळा ते हललं. पावसाचे तुषार आत येऊ लागले तसं ते रडायला लागलं.

"आजची रात ऱ्हावा," सहादेव म्हणाला. "सकाळी उघडलं तर बघू."

"घरी मंडळी एकटीच आहे. उठता येत नाही तिला." हे खरं होतं. पाऊस आठ दिवस उघडणार नाही असं शेजारी म्हणत होते, तेही खरं होतं. तो निघाला.

फोटो धुतले तेव्हा जे वाटलं होतं तेच झालं. दोन तर टाकूनच द्यावे लागले. तिसऱ्यात झुंबरचा चेहरा स्वच्छ आला होता. मान खाली, ओठाच्या कोपऱ्यात हसू. बाळाच्या चेहऱ्याच्या जागी मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखा पांढरा फराटा होता.

"कसा आला?" मनकर्णाने विचारलं.

"बरा आला," तो म्हणाला. सेलांचं त्याने तिला कधीच सांगितलं नाही.

बन्सीला त्याने कार्ड टाकलं. फोटो हलला आहे, दिवाळीला पुन्हा जाऊन चांगला काढतो, तोवर धीर धरा. तीन आठवड्यांनी बन्सीचं उत्तर आलं. गहिनीनाथने ते दुकानात उभ्या उभ्या वाचलं. हलला तर हलू द्या, निघाला तसा पाठवा, असं त्यात लिहिलं होतं.

गहिनीनाथने लिफाफ्यावर पत्तासुद्धा घातला. फोटो हातात घेतला, मागे दुकानाचा शिक्का मारला, आणि पुन्हा उलटून पाहिला. वीस वर्षं त्याने हे काम केलं होतं. असला फोटो त्याच्या दुकानातून कधी बाहेर गेला नव्हता. पलटणीच्या तंबूत तो दहा जण हातात घेणार, मागचं नाव वाचणार. आणि दिवाळी तर पंधरा दिवसांवर आली होती. त्याने फोटो गल्ल्याच्या खणात ठेवला.

दिवाळीला झुंबरचा भाऊ तिला माहेरी घेऊन गेला. ती परत आली कार्तिक संपता संपता. या खेपेला गहिनीनाथने बाजारातून नवे सेल आणले, पण त्यांची गरजच पडली नाही. सहादेवच्या अंगणात भाताच्या मळणीवर कोवळं ऊन होतं. बाळ बसायला लागलं होतं. कॅमेऱ्याकडे बघून ते हसलं. एकाच खेपेत फोटो असा आला की दुकानाच्या काचेत लावावा. दुसऱ्याच दिवशी त्याने तो टपालात टाकला आणि मनावरचं ओझं उतरलं असं त्याला वाटलं.

बारा दिवसांनी लढाई सुरू झाली. मनकर्णा सकाळ-संध्याकाळ बातम्या ऐके. तो आला की सांगे, आज अमुक गाव घेतलं, आज अमुक पूल पडला. गहिनीनाथ मान हलवून ऐकत राही आणि जेवण अर्धं टाकून उठे. लढाई संपली त्या दिवशी बेलापुरात पेढे वाटले. छबूबाईनेही वाटले. पाचव्या दिवशी तिच्या घरून रडणं ऐकू आलं.

पौषात फोटोचा लिफाफा परत आला. त्यावर दोन-तीन ठिकाणचे शिक्के होते. बन्सीची पलटण हलली तसा तो तिच्या मागे मागे फिरला होता. कुणी उघडला नव्हता.

छबूबाईने वर्दीतला फोटो मोठा करून मागितला, बापाच्या घरी लावायला. "तुमीच नेऊन द्या, भाऊ," ती म्हणाली. "माज्यानं त्या घरात पाय ठिववना अजून."

गहिनीनाथने चौकट कागदात गुंडाळली. गल्ल्याच्या खणातून बन्सीचं कार्ड काढून खिशात घातलं. हललेला फोटोही घेतला.

सहादेव या वेळी स्टँडवर नव्हता. गहिनीनाथ विचारत विचारत घरी पोचला. म्हाताऱ्याने चौकट हातात घेतली, बाहीने काच पुसली, आणि आत नेऊन भिंतीशी टेकवून ठेवली. मग ओटीवर येऊन बसला.

"म्या आदी बसाया नको हुतं," सहादेव म्हणाला.

गहिनीनाथला क्षणभर कळलं नाही.

"त्या दिशी. येकच फोटू निघनार हुता त्या मशनीतून. त्यो माज्यावर गेला. म्हाताऱ्याला काय करायचा हुता फोटू?" तो खाली बघून बोलत होता. "रोज ध्येनात येतंय."

"बाबा, तुमचा काही दोष नाही," गहिनीनाथ म्हणाला. "दुसरे सेल माझ्या घरी होते. मी आणले नाहीत."

सहादेवने वर पाहिलं. "का?"

"मंडळीच्या रेडिओत होते. तिला हलता येत नाही. दिवसभर तेवढाच आवाज असतो घरात."

अंगणातल्या कोंबड्या म्हाताऱ्याने हात करून हाकलल्या.

"मंग बरूबर केलं," तो म्हणाला. "घरच्या मानसाचं आदी बघायचं." आणि बैलाला पाणी दाखवायचं म्हणून उठला.

त्याने असं म्हणायला नको होतं असं गहिनीनाथला वाटलं. कारण खरी गोष्ट अजून सांगायचीच होती, आणि आता ती सांगणं जास्त अवघड झालं.

झुंबर चहा घेऊन आली. अंगावर एकही दागिना नव्हता. बाळ तिच्या मागून रांगत आलं. गहिनीनाथने आधी परत आलेल्या लिफाफ्यातला हसऱ्या बाळाचा फोटो तिच्यापुढे ठेवला. तिने तो पाहिला आणि बाजूला ठेवला.

"आन पावसातला?"

त्याने तोही दिला. तिने तो गुडघ्यावर ठेवून पुष्कळ वेळ पाहिला.

"हा त्यांनी मागितला होता," गहिनीनाथ म्हणाला. "कार्ड आलं होतं. निघाला तसा पाठवा म्हणून. मी पाठवला नाही. चांगला काढून पाठवू म्हटलं. हा पाठवला असता तर पोचला असता."

तो वाट पाहत राहिला. तिने रडावं, नाहीतर उठून आत जावं, असं त्याला वाटत होतं.

"कारड हाय?" तिने विचारलं.

त्याने खिशातून काढून दिलं. ती अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग कार्ड त्याच्याकडे परत केलं.

"मला वाचाया येत न्हाई. वाचून दावा."

गहिनीनाथने चष्मा लावला.

"गहिनीनाथभाऊंना बन्सीचा नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. फोटो हलला म्हणता, तर हलू द्या. निघाला तसा पाठवा. इथं सगळ्यांकडे आपापल्या पोरांचे फोटो आहेत. माझ्याकडेच नाही. तोंड दिसलं नाही तरी चालेल, पोरगं आहे एवढं दिसलं तरी पुरे." इथे त्याने कार्ड उलटलं. मग पुढचं वाचलं. "आणखी एक. झुंबर त्या दिवशी घाबरली असेल. घरात दुसरं बाईमाणूस नाही, तिला कुणी काही विचारणार नाही. तुम्ही पुन्हा गेलात तर माझ्या वतीने विचारा, तू बरी आहेस का. ती काय म्हणते ते कळवा. आपला, बन्सी."

या शेवटच्या ओळींचा त्याला पूर्ण विसर पडला होता. कार्तिकात तो आला, उन्हात फोटो काढला, भाकरी खाल्ली आणि गेला. तिला काही विचारलं नव्हतं.

गोठ्यात बादलीचा आवाज झाला. बाळ झुंबरच्या पदराला धरून उभं राहू पाहत होतं. तिने त्याला मांडीवर घेतलं.

"शेवटचं परत वाचा," ती म्हणाली. "सावकाश."

त्याने वाचलं. माझ्या वतीने विचारा, तू बरी आहेस का.

झुंबरने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बरी हाय म्हनावं," ती म्हणाली.