ट्रेचा चटका

इस्पितळातल्या ब्रदरने सलाइनची सुई तपासायला हात पुढे केला, तोच भट्टीवाल्याने तो मनगटाशी धरून उलटा पिरगाळला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. ब्रदर गुडघ्यांवर आला, तेव्हा भट्टीवाल्याने सलाइनचा स्टँड उचलला आणि त्याच्या पाठीत घातला. मग खांद्यात. मग कानाजवळ. पिशवी फुटून औषध फरशीवर पसरलं, नळी तुटली आणि भट्टीवाल्याच्या स्वतःच्याच दंडातून रक्त ठिबकू लागलं. त्याचं त्याला भान नव्हतं.

"चहा सांगून किती वेळ झाला?" एवढंच तो विचारत होता. ओरडून नव्हे, दातावर दात ठेवून.

खोलीतली सगळी माणसं त्याच्याकडे धावली. पहारेकरी धावला, सफाईवाला हातातली बादली टाकून धावला, बाहेरच्या बाकावरचे दोन-तीन नातेवाईकही आत शिरले. एकटी त्याची बायको मागे सरकली. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सापटीत ती पाठ टेकून उभी राहिली, हनुवटी छातीशी घेतली आणि दोन्ही कोपरं चेहऱ्यासमोर जोडली. हे तिने इतक्या झटक्यात आणि इतकं नेमकं केलं, की तो तिच्या रोजच्या कामाचाच भाग वाटावा.

तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. फक्त शेजारच्या खुर्चीतल्या, स्वतःच्या दंडात सुई असल्यामुळे उठू न शकलेल्या बालवाडीच्या बाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

चौघांनी मिळून भट्टीवाल्याला पाडलं. पडता पडता त्याने पहारेकऱ्याच्या हाताचा लचका तोडला. शेवटी झोपेचं इंजेक्शन दिलं गेलं आणि त्याला बाजूच्या खोलीतल्या खाटेवर कापडी पट्ट्यांनी बांधण्यात आलं. ब्रदरला उचलून नेलं. त्याचा हात भलत्याच ठिकाणी वाकला होता, आणि तो पोरगेला माणूस, आईला हाक मारावी की नाही अशा संकोचात, ओठ चावत होता.

भट्टीवाल्याची बेकरी होती. बायको गल्ल्यावर बसायची. गल्लीतली लहानथोर सगळी तिला काकू म्हणायची. बेकरीच्या धगीत माणसं सदरा काढून बसतात; काकू मात्र बारा महिने मनगटापर्यंत बाह्या घालायची. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असे. ट्रेचा चटका. शटर निसटलं. भट्टीचं दार लागलं. बेकरी म्हणजे चटक्यांचं घर, तिथे कोण शंका घेणार? पाव काढायच्या लांब दांड्याच्या फळीने एकदा तिची दोन बोटं मोडली, तेव्हाही तिने सांगितलं, फळी पडली. फळी पडली हे खरंच होतं. कुणाच्या हातून, ते कुणी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सासू सांगून गेली होती. तिचे स्वतःचे समोरचे दोन दात कसे पडले, ते मात्र सासूने कधीच सांगितलं नाही.

आणि मग भट्टीवाला बदलला.

तो चहाची वाट बघत बसू लागला आणि चहा गार झाला तरी तसाच पिऊ लागला. एकदा लेकीच्या हातून पिठाचं पोतं फुटलं. लेक भिंतीला चिकटून उभी राहिली, आणि बाप म्हणाला, "असू दे, भिंतीला फुकटात चुना लागला." तो विनोद होता हे दोघींना जरा वेळाने कळलं. ज्याला बघून पोरं रस्ता ओलांडायची, तो पायरीवर बसून त्यांना पावाचे तुकडे वाटू लागला. पोरांनीच त्याला भट्टीकाका केलं. दुपारी काकूला तो विचारायचा, "जेवलीस का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न त्या घरात कधी उमटला नव्हता. पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती भट्टीमागे जाऊन रडली.

मग एक दिवस तो गल्ल्यापाशी फिट येऊन पडला. कपाळामागे, मेंदूच्या पुढल्या भागात, गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ही बरीच दिवसांची असणार. माणसाची इच्छा, राग, घाई जिथे असते तिथेच ती बसली आहे; अशी गाठ माणसाला कधी भडक करते, कधी अगदी थंड. कापून सगळी निघेल अशा जागी ती नव्हती. पण एका नव्या औषधावर त्या इस्पितळात संशोधन चाललं होतं, आणि ते औषध गाठ आक्रसवत होतं.

काकूला कळलं ते एवढंच, की 'जेवलीस का' म्हणणारा माणूस म्हणजे ती गाठ होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही. औषधाच्या कागदांवर सही केली.

औषध लागू पडलं. स्कॅनच्या चित्रात गाठ लहान होताना दिसू लागली. पहिल्यांदा भट्टीवाल्याने चहा गार आहे म्हणून कप सरकवला. मग फेकला. मागच्या आठवड्यात त्याने काकूचं मनगट भट्टीच्या दाराला लावून धरलं, कातडी चरचरेपर्यंत. ती ओरडली नाही. बाही खाली ओढताना तिच्या मनात आलं, बरे होताहेत.

औषध चढायला सकाळ जायची. त्या वेळात शेजारच्या खुर्चीतल्या बालवाडीच्या बाईंशी काकूचा एक खेळ चाले. बाईंची गाठ शब्दांच्या जागी होती. आल्या तेव्हा त्यांना पेल्याला पेला म्हणता येत नव्हतं. "ते, पाण्याचं" म्हणायच्या आणि मुलांना शिकवणाऱ्या आपल्या जिभेला हे काय झालं म्हणून डोळ्यांतून पाणी काढायच्या. औषधाने एकेक शब्द परत येत होता. काकू बोट दाखवायची, बाई नाव सांगायच्या. पडदा. खिडकी. कात्री. चुकल्या तर काकू लटक्या दरडावणीने म्हणायची, "बाई, आज वर्गाबाहेर उभं राहावं लागेल."

आज सकाळी खेळ उलटा झाला होता. बाईंनीच बोट दाखवलं, काकूच्या बाहीतून डोकावणाऱ्या फोडाकडे.

"ट्रेचा चटका," काकू म्हणाली.

बाईंनी मान हलवली. डोळे मिटले. हुडकत हुडकत त्यांनी शब्द आणला. "मार."

"नाही हो, बाई. चटका म्हणतात त्याला."

"मार," बाई म्हणाल्या. परीक्षेत बरोबर उत्तर आल्यासारखा त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, आणि लगेच विझला. त्यानंतर थोड्याच वेळात ब्रदर सुई तपासायला आला होता.

भट्टीवाल्याला बांधून झाल्यावर डॉक्टरबाईंनी काकूला आपल्या खोलीत बोलावलं. संशोधनाचं सगळं काम त्याच बघत. वयाने काकूच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांच्या कोटावर ब्रदरचं रक्त लागलं होतं आणि ते त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

त्यांनी समजावून सांगितलं, आणि नीट सांगितलं. नवं औषध म्हणजे वर्गात आलेला नवा मुलगा. काच फुटली की पहिली नजर त्याच्याकडे जाते, आणि जायलाच हवी. उद्या ते हजारो लोकांना द्यायचं असतं. शांत माणूस औषध घेतल्यावर असा हिंसक झाला, तर दोष औषधाचा धरावा लागतो. भट्टीवाल्याचं औषध आजपासून बंद. खात्री होईपर्यंत बाकीच्यांचंही थांबवावं लागेल. बाईंची पिशवीसुद्धा आत्ताच बंद करून ठेवली आहे.

"किती दिवस?"

"सांगता येत नाही. महिने लागतील."

"तोवर बाईंची गाठ थांबेल का?"

डॉक्टरबाईंनी भट्टीवाल्याची फाइल पुढे ओढली. त्या म्हणाल्या, "तुम्ही सुरुवातीला सांगितलं होतं, आजारापूर्वीही ते देवमाणूस होते. कधी आवाज चढवला नाही. एकदा नीट आठवून सांगा. दहा मिनिटांनी परत या."

काकू बाहेर आली तर दारातच लेक उभी. बातमी ऐकून बेकरीतून तशीच धावत आली होती. कोपरापर्यंत पीठ होतं. आतलं बोलणं तिने दाराआडून ऐकलं होतं. तिने आईला जिन्याशी ओढलं.

"हो म्हण," ती म्हणाली. "औषधानेच झालं म्हण."

"गाठ वाढेल पुन्हा."

"वाढू दे." लेकीने भिंतीकडे बघितलं. "गाठ होती तेव्हा किती बरे होते गं बाबा. मला त्यांनी वेणी घालून दिली होती, आठवतंय? वाकडीतिकडी. मी दोन दिवस सोडली नाही."

काकूने तिच्या कोपरावरचं पीठ झाडलं. ते वाळून कडक झालं होतं, निघत नव्हतं.

"गाठ वाढली की ते जातील."

"जातील," लेक म्हणाली. "हसत जातील. आणि आपण मारही न खाता रडू."

काकूने लेकीकडे पाहिलं. हा शब्द या मुलीच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकला होता. घरात त्याला नेहमी दुसरं काहीतरी म्हणायचे.

औषधाच्या खोलीत फरशी पुसून झाली होती. बाई खुर्चीत तशाच बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर पिशवी भरलेली, नळीची चिमटी बंद. काकूला बघून त्यांनी वर बोट केलं. नाव सांगायचं होतं. ओठ हलले. "ते," त्या म्हणाल्या, "ते, माझं," आणि थांबल्या. भीतीने की खरंच, कोण जाणे, शब्द सापडत नव्हता.

काकू मागे वळली. डॉक्टरबाईंच्या खोलीत जाऊन तिने दार लावलं, खुर्ची ओढली, आणि बसायच्या आधी दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या.

डॉक्टरबाई बघत राहिल्या. काही फोड ओले होते. पण बहुतेक खुणा जुन्या होत्या. पांढऱ्या पडलेल्या, एकमेकींवर चढलेल्या. एक दंडाला वळसा घालून गेली होती. दोन बोटं वाकडी जुळलेली.

"हे गेल्या आठवड्याचं," काकू म्हणाली. "हे लेक पोटात होती तेव्हाचं. मधलं सगळं मधलं. तुमचं औषध तेव्हा कुठे होतं?"

डॉक्टरबाई उठल्या, पुन्हा बसल्या.

"तुम्ही देवमाणूस म्हणाला होतात."

"तुम्ही विचारलंत तेव्हा ते माझ्या शेजारी बसले होते. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून."

डॉक्टरबाईंनी खाली बघितलं. तेव्हा त्यांना आपल्या कोटावरचं रक्त दिसलं. त्यावरून बोट फिरवत त्या हळूच म्हणाल्या, "हो. त्यांच्यासमोरच विचारलं मी. आम्ही सगळ्यांना तसंच विचारतो."

"चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका," काकू म्हणाली. "औषधाने काही केलं नाही. त्याने माझा नवरा परत आणला, तो हाच. ते मारायचे. रोज नाही, पण मारायचे. लिहा. मार, असंच लिहा."

बोलून झाल्यावर तिला धाप लागली, गोणी उचलल्यासारखी. डॉक्टरबाईंनी पाणी दिलं. बराच वेळ त्या एकेक गोष्ट विचारत राहिल्या, आणि काकू सांगत राहिली. ट्रे नाही, शटर नाही, जे होतं ते. हे वरिष्ठांपुढे ठेवावं लागेल, लेकीशीही बोलावं लागेल, पण मग औषध थांबवायचं कारण उरत नाही, असं त्या शेवटी म्हणाल्या. बाईंचंही, आणि भट्टीवाल्याचंही. त्याला वेगळ्या खोलीत, पहाऱ्यात, बांधून द्यावं लागेल एवढंच.

"वाचतील?"

"गाठ निम्मी झाली आहे. बरीच वर्षं काढतील, असं वाटतं." मग त्या अडखळल्या. "पण घरी..."

"घरी नाही," काकू म्हणाली. हे ती डॉक्टरबाईंना सांगत होती, पण ऐकताना तीच जास्त चकित झाली. "त्यांचा मोठा भाऊ आहे. मी माहेरी निघाले की दर वेळी तोच मला परत आणून सोडायचा, माझा भाऊ देवमाणूस आहे म्हणत. आता त्याने तो देव आपल्या घरी नेऊन बसवावा. मी कळवते त्याला."

बाहेर बाईंच्या नळीची चिमटी उघडायला दुपार झाली. वरून होकार आला, मग औषध थेंब थेंब उतरू लागलं. जिन्याशी लेक बसून होती. काकूने तिला काही सांगितलं नाही. तिचे उघडे दंड बघून लेकीला कळलं. ती उठली, आईशी भांडेल असं वाटलं, पण तिने फक्त एवढंच विचारलं, "पिशवी कुठाय तुझी?"

काकूची कापडी पिशवी भट्टीवाल्याच्या सामानाबरोबर बाजूच्या खोलीत गेली होती, त्याच्या खाटेच्या पायाशी.

काकू एकटीच आत गेली. भट्टीवाला गुंगीत होता. मनगटांवर कापडी पट्ट्या होत्या. तिने सवयीने पट्टीखाली एक बोट सरकवून बघितलं, काचते का. काचत नव्हती. घट्ट मात्र होती. तिने ती तशीच ठेवली आणि वाकून पिशवी उचलली.

त्याने डोळे अर्धवट उघडले. इंजेक्शनाने चेहरा सैल पडला होता, ओठ मऊ झाले होते. ती दाराशी पोचली होती.

"जेवलीस का?" तो म्हणाला.

काकू थांबली. दाराच्या मुठीवरचा हात तसाच राहिला. सकाळी लेकीने बांधून दिलेल्या पावाच्या पुडीची गाठही सुटली नव्हती. पिशवीतून तिचा वास येत होता.

"हो," ती म्हणाली. "तुम्ही झोपा."

तिने दार ओढून घेतलं. बाहेरच्या बाकावर लेकीशेजारी बसून तिने पुडी सोडली, पाव मोडला, आणि अर्धा लेकीच्या हातात ठेवला.