उभ्या गाडीखालचं लाल तेल

मी मेलेल्या माणसांची गाडी चालवतो. हे कळलं की समोरचा माणूस पुढे केलेला हात मागे घेतो, म्हणून मी आधीच सांगून मोकळा होतो. तसं काम वाईट नाही. माझे प्रवासी ‘जरा हळू’ म्हणत नाहीत, ‘काच खाली करा’ म्हणत नाहीत. कुरकुर असते ती गाडीची.

गाडी जुनी. कधीकाळी एका बड्या हॉटेलाचे पाहुणे ने-आण करायची. आमच्या मालकांनी ती घेतली, मागच्या सीटा काढल्या, स्ट्रेचर सरकवायला पट्ट्या बसवल्या आणि झाली आमची. ऑटोमॅटिक गिअरची आहे, त्यामुळे धक्के बसत नाहीत, आणि मागे झोपलेल्याच्या घरच्यांना तेवढंच बरं वाटतं. या गिअरबॉक्सला स्वतःचं वेगळं तेल लागतं आणि ते लाल असतं. इंजिनच्या तेलाशी घोळ नको म्हणून बनवणारेच त्यात रंग घालतात. नवं असताना लालभडक, जुनं झालं की तपकिरी. आमचं कायम लालभडक असायचं, कारण जुनं होण्याइतका वेळ ते आत थांबतच नव्हतं.

गळत कुठून होतं ते मला ठाऊक होतं. गिअरबॉक्सच्या शेपटातून एक लांब दांडा मागच्या चाकांकडे जातो. त्याच्याभोवती रबराची कडी असते, सील म्हणतात तिला. ती वाळून कडक झाली होती. पण मालकांनी गाडी ज्या मेकॅनिककडे पाठवली त्याला आम्ही शहाणा म्हणतो, आणि ते काही कौतुकानं नाही. त्यानं खालचं सगळं माखलेलं बघितलं, सवयीनं तेलाच्या ट्रेचं पॅकिंग बदललं आणि हात झटकले. आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला. अरे बाबा, तेल जिथं टपकतं तिथूनच गळतं असं थोडंच आहे? चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो, मग पत्र्याच्या कडेनं ओघळत ते पार मागच्या दाराखाली येऊन पडतं. त्यातून ही बया उभी असताना जास्त गळायची. इंजिन बंद झालं की वर फिरणारं तेल खाली उतरतं, पातळी चढते आणि सीलपर्यंत येते. चढावर नाक वर करून उभी केली तर बघायलाच नको.

“सील बदलतो, एक दिवस गाडी द्या,” असं मी मालकांना म्हणून म्हणून थकलो.

“एक दिवस लोक मरायचे थांबणार आहेत का? तेल ओत आणि चालव.”

मी ओतायचो आणि चालवायचो. त्या दिवशी सकाळीही ओतलं.

हॉस्पिटलातून एका तरुण मुलाला न्यायचं होतं. दुचाकीवरून पडला होता. वरून फारसं खरचटलेलंही नव्हतं, जे काही तुटलं होतं ते आत. सोबत त्याचा मामा होता, पुढे माझ्या शेजारी बसलेला. सगळी धावपळ त्यानंच केली होती आणि आता त्याला बोलायला कुणीतरी हवं होतं.

“काल संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला,” तो म्हणाला. “म्हणून बहिणीला मी बळंच घरी पाठवलं. म्हटलं, जरा पाठ टेक. आणि पहाटे हे असं. ती मला विचारते, काल टळलेला धोका आज कुठून आला? काय सांगू तिला?”

पुढे खड्डा होता, मी गाडी हळू केली.

घर नेमकं चढाच्या गल्लीत. सपाट जागा कुठंच नाही. अशा वेळी मी गाडीखाली एक पुठ्ठा सरकवतो, पण तो भिजून लगदा झाला म्हणून आदल्या दिवशीच फेकला होता. म्हटलं, पाच मिनिटांचं काम, कोण बघतंय खाली.

आई बाहेर आली. रडत नव्हती. तिच्यामागे तिची मुलगी, दाराशी शेजारीपाजारी. मी मागचं दार उघडलं, मामानं आणि मी स्ट्रेचरचा खटका सोडला, आणि तेवढ्यात आई म्हणाली, “थांबा.”

ती खाली बघत होती. मागच्या दाराखाली, तिच्या लेकाच्या बरोबर खाली, फरशीवर लाल थेंब पडत होते. एक पडला, थोड्या वेळानं दुसरा.

“रक्त येतंय,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा, दूध उतू जातंय म्हणावं तसा. “मेलेल्या माणसाचं रक्त वाहत नाही. दादा, त्याला परत घेऊन चल. जिवंत आहे तो.” मग मुलीकडे वळून, “आत अंथरूण घाल गं. नाही, नको, आधी पाणी तापव. गार पडलाय तो.”

आणि मुलगी पाणी तापवायला धावली. खरं सांगतो, तिथं मी घाबरलो. कारण दाराशी उभी असलेली शहाणीसुरती माणसंही पुढे सरकली. कुणी म्हणालं, असं झालेलं ऐकलंय मी. कुणी डॉक्टरला फोन लावायला लागलं. मामानं चादर बाजूला करून मुलाचं मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं आणि मान हलवली.

“गेलाय गं तो.”

“कालही तुम्ही सगळे सांगतच होतात,” आई म्हणाली.

आता बोला. मामानं माझ्याकडे असं बघितलं की त्याला माझा गळा धरायचाय की पाय, ते कळेना. मी पुढे झालो. थेंब बोटावर घेतला.

“ताई, हे तेल आहे. गाडीचं. वास घ्या.”

तिनं वास घेतला. “औषधांचा वास आहे. इतकी इंजेक्शनं दिलीत त्याला.”

मामा माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, “परत नेलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुन्हा तेच सांगतील तिला, आणि हिला दुसऱ्यांदा ते झेपायचं नाही. काहीतरी करा हो.”

मला करता येण्यासारखं एकच काम होतं. मी फडकी काढली, बॅटरी घेतली आणि पावडरचा डबा घेतला. गळती शोधायची जुनी रीत आहे ती: सगळं कोरडं पुसायचं, वर पावडर मारायची आणि वाट बघायची. पांढऱ्यावर पहिली ओल जिथं उमटते, ते तोंड.

“ताई, मी सांगतो म्हणून मानू नका. स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

मी चाकांमागे दगड लावले, हँडब्रेक आणखी घट्ट ओढला आणि उताणा आत सरकलो. वाटलं, ती वाकून बघेल. ती सरळ जमिनीवर झोपली आणि माझ्या बाजूला सरकत आली, कोपरं घासत. कपडे तेलात, केस धुळीत. मामा “अगं, अगं” म्हणत राहिला.

मी मागचा पत्रा पुसला, दांडा पुसला, शेपूट पुसलं. सगळीकडे पावडर मारली. ती आमच्या तोंडावरही पडली. मग बॅटरी धरून पडून राहिलो. वर, आमच्यापासून हातभर अंतरावर, तिचा मुलगा होता. मधे फक्त पत्रा.

“त्याच्याखालचं बघा आधी,” मी म्हणालो. “कोरडं आहे ना?”

ती बघत राहिली. “आहे.”

“आता इकडे बघा. या कडीकडे.”

कडीखालची पावडर आधी गुलाबी झाली. मग लाल रेघ उमटली. रेघेच्या टोकाला थेंब फुगला, लोंबकळला आणि माझ्या मनगटावर पडला. मी पुसलं. पुन्हा रेघ, पुन्हा थेंब. पत्रा मात्र कोरडाच.

तिनं माझ्या हातातून फडकं घेतलं आणि एकदा स्वतः पुसलं. थेंब आला. पुन्हा पुसलं, जरा दाबून, लहान मुलाचं नाक पुसतात तसं. थेंब आला.

“तेल आहे,” ती म्हणाली.

“हो, ताई.”

“हे आधीच का नाही बंद केलंत?”

मालकांचं नाव ओठांवर आलं होतं. गिळलं. तिथं झोपून दुसऱ्याकडे बोट दाखवायची मला लाज वाटली.

मी बाहेर सरकायला लागलो तर तिनं माझी बाही धरली. “जरा थांबा, भाऊ. बाहेर आले की मानावं लागेल.”

मग आम्ही तसेच पडून राहिलो. बाहेर पावलं दिसत होती, मामाचे बूट, शेजाऱ्यांच्या चपला. घरातून मुलीचा आवाज आला, “आई, पाणी तापलंय.” तेव्हा कुठं ती रडली. हुंदका नाही, काही नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी कानांकडे गेलं. मी बॅटरी बंद केली.

पुढचं सगळं रीतसर झालं. त्याला घरात घेतलं, त्याच तापवलेल्या पाण्यानं त्याचं तोंड पुसलं, आणि दुपारी मी त्याला शेवटच्या जागी पोचवलं.

परतल्यावर गाडीची किल्ली मी खिशात घातली. मालक म्हणाले, उद्या दोन ठिकाणी जायचंय. मी म्हणालो, खांद्यावर न्या. त्यांनी आवाज चढवला, मग माझ्या तोंडावरची पावडर बघितली आणि ते ऑफिसात जाऊन बसले.

गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले. दांडा सोडवून बाहेर ओढला. जुनं सील उचकटलं तर बिस्किटासारखं मोडलं. दांड्याचं तोंड मी नखानं तपासलं, चर पडला असेल तर नवं सीलही टिकत नाही. चर नव्हता. नव्या सीलच्या ओठाला तेल लावलं, लाकडाचा ठोकळा धरून चहूबाजूंनी हलक्या हातानं ठोकत बसवलं. तेल भरलं, सपाट जागेवर इंजिन गरम करून, चालू ठेवूनच मापाच्या पट्टीवर मोजलं. मग गाडी मुद्दाम चढावर लावली आणि खाली नवा पुठ्ठा सरकवला. सकाळी पुठ्ठा कोरडा होता. एवढं सोपं काम होतं ते, आणि त्याचाच मला संताप आला.

काही दिवसांनी मामाचा फोन आला: अंगणासमोर तो डाग तसाच आहे, बहीण येता-जाता बघते, काढून द्या. मालकांनी मला पाठवलं. मी रॉकेलचा डबा, भुसा आणि ब्रश घेऊन गेलो.

डागावर एक घमेलं उपडं घातलेलं होतं. वर वीट. मी वीट काढली, घमेलं उचललं. डाग सुकून तपकिरी झाला होता, पण कुणाचा पाय पडलेला नव्हता की पाणी लागलेलं नव्हतं. मी डबा उघडतोय तोवर आई दारात आली.

“राहू द्या, भाऊ.”

“ताई, ते तेल आहे.”

“मला सांगताय? तुमच्याशेजारी झोपून मीच बघितलं की.” ती पायरीवर बसली. “ते दिसलं तेव्हा तो जिवंत होता. पाणी तापेपर्यंत होता. हॉस्पिटलात त्यांनी मला त्याच्याजवळ बसू दिलं नाही. माझ्याकडे तो तेवढाच होता.”

मी डब्याचं झाकण लावलं.

“गाडी झाली का नीट?” तिनं विचारलं.

“झाली. आता थेंबही पडत नाही.”

“बरं केलंत,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाला असं व्हायला नको.”

मी घमेलं परत उपडं घातलं, वर वीट ठेवली आणि डबा, भुसा, ब्रश गाडीत टाकून निघालो. मालकांना सांगितलं, डाग निघाला.