वरच्या फळीवरचा केक

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे. रंग तांबूस, डावा कान फाटलेला. बेवारस जनावरांच्या या आश्रयगृहात मला सगळे ‘चोरटी’ म्हणतात. हे नाव मला कसं चिकटलं, ते ऐका.

माझा जन्म एका बंद पडलेल्या गोदामामागे झाला. भावंडं पुष्कळ आणि आईचं दूध थोडं. दिसेल त्यावर झडप घालायची, नाहीतर उपाशी झोपायचं, एवढंच मी लहानपणी शिकले. पुढे मला पकडून इथे आणलं. इथेही दांडगे कुत्रे आधी खायचे.

एकदा शिवणकाम करणारी एक बाई तिच्या लेकीला घेऊन आली. छोटीने जाळीतून बोट आत घातलं, मी ते चाटलं, आणि मी त्यांच्या घरी गेले. घरात आई, बाबा, छोटी आणि आजोबा.

पहिल्याच संध्याकाळी मी ओट्यावरची उकडलेली अंडी टरफलांसकट फस्त केली. मग पाव, मग लोणी. कचऱ्याची बादली तर रोज उलटी. बाबा चप्पल घेऊन मागे धावले की मी आणखी घाईने गिळायची. एकदा मासा पिशवीसकट गिळला आणि मरता मरता वाचले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आईला बजावलं, “हिला मारू नका. पोट भरलंय, पण धास्ती गेलेली नाही. समोर काही उघडं ठेवू नका, वेळेवर खायला द्या. तोंडात काही धरलंच तर मागे पळू नका. त्याहून चांगलं काहीतरी दाखवा, म्हणजे आपणहून सोडेल.”

आईने मनावर घेतलं. स्वयंपाकघराच्या दाराला लाकडी फाटक बसवलं, बादलीला घट्ट झाकण आणलं. उरलेल्या चिंध्यांचं जाड आसन शिवून कोपऱ्यात टाकलं. माणसं जेवत असताना मी त्यावर गप्प बसले, तर एखादा तुकडा मला तिथेच मिळायचा. टेबलाजवळ गेले तर काही नाही. वाटी समोर ठेवून ती म्हणायची, “थांब.” थांबले की म्हणायची, “घे.” मी कितीदा चुकले, पण ती वैतागली नाही.

हळूहळू मला उमगलं, की अन्न उद्याही मिळणार आहे. एकदा छोटीच्या हातून अंडं निसटून माझ्या पायाशी पडलं. मी अंड्याकडे नाही, आईच्या तोंडाकडे पाहिलं. आईने हातातली कात्री टाकली आणि मला कवटाळलं. “अहो, बघा तरी हिला!” ती ओरडली. बाबाही हसले.

आजोबांना मधुमेह होता. पायाची जखम भरत नव्हती, गोड पूर्ण बंद होतं. छोटीच्या वाढदिवसाचा केक आईने वरच्या फळीवर ठेवला आणि ती शिवलेले कपडे पोचवायला गेली. बाबा कामावर, छोटी शाळेत. आजोबांनी फाटक उघडलं आणि आपल्या खोलीतलं स्टूल ओढत आणलं. उभ्याउभ्याच खाल्ला त्यांनी केक, पूर्वी मी खायची तसा. मग खोका जमिनीवर टाकून म्हणाले, “घे बाई, तूही घे.” ‘घे’ म्हटल्यावर मी घेतलं.

संध्याकाळी छोटी रडून रडून लाल झाली. आजोबा म्हणाले, “माझा जरा डोळा लागला होता. हिनेच खाल्ला.”

बाबा कडाडले, “एवढे लाड केलेस, शेवटी काय? आजच्या आज परत सोडून ये!”

“अहो, पण वरच्या फळीवर ही...” आई बोलता बोलता थांबली. फळीखाली आजोबांचं स्टूल होतं. आजोबांच्या मिशीला पांढरं क्रीम लागलं होतं. आईने ते पाहिलं. तिने पाहिल्याचं मी पाहिलं. तिने सासऱ्यांच्या हातात रुमाल दिला, आणि माझ्या गळ्यात पट्टा अडकवला.

सासऱ्यांना खोटं ठरवायला तिला फार धीर लागला असता. मला खोटं ठरवायला काहीच लागलं नाही.

“काय झालं, ताई?” इथल्या रखवालदाराने विचारलं.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “चोरी करते.”

इथे मोठ्या परातीत खाणं ओततात आणि निघून जातात. ‘घे’ कुणी म्हणत नाही. मी वाट बघत उभी राहायची आणि परात रिकामी व्हायची. बरगड्या दिसू लागल्यावर रखवालदाराच्या ते ध्यानात आलं. आता तो मला वेगळं वाढतो. पण कुणी माझ्या जाळीपाशी रेंगाळलं, की तोच सांगतो, “चोरटी आहे हो ती.” माणसं पुढच्या जाळीकडे जातात. आता तर मला दातही उरले नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखं कुणी घरी आणलंत, तर अन्न झाकून ठेवा, वेळेवर वाढा, हात उगारू नका. ते शिकेल, मीही शिकले होते. आणि घरातून काही नाहीसं झालं, तर मला विचारू नका. मला सांगता येत नाही. ज्यांनी पाहिलंय आणि ज्यांना बोलता येतं, त्यांना विचारा.