कर्ण्याचं तोंड

सोजराबाई उजव्या हाताचं बोट राखेनं खसाखसा घाशीत होती, तरी शाईचा डाग काही हटेना. दारात नवऱ्याची चाहूल लागली आणि तिनं हात पदरात लपवला.

“काय झालं वं बोटाले?” गुलाबरावानं विचारलं.

“काही नाही जी. वांगं चिरलं.”

वांग्याचा डाग निळा कधीपासून पडायला लागला, कोण जाणे! गुलाबराव मात्र चावडीकडे निघून गेला.

प्रौढांच्या वर्गात अक्षरं गिरवून तिनं जन्मातलं पहिलं कार्ड लिहिलं होतं, तेही चोरून, अन् थेट रेडिओला. धाड गावच्या चावडीवर पंचायतीचा रेडिओ आला, तेव्हा त्यावर नुसते कापसाचे भाव सांगत. मग दोन गडी पारावर बसल्यासारखे शेतीच्या गप्पा मारू लागले. आता म्हणे दुपारी एक वाजता बायकांचा कार्यक्रम! पण बाया काही चावडी चढत नाहीत, पत्र्याच्या छपरावरच्या कर्ण्याचं तोंड बाजाराकडे, अन् बॅटरी जपायची म्हणून उकंडराव शिपाई संध्याकाळशिवाय पेटीचं कुलूप काढत नाही. मग आम्ही ऐकावं कसं? तिनं कार्डात नेमकं हेच विचारलं होतं.

चार-आठ दिवसांनी गुलाबराव जेवता जेवता म्हणाला, “उद्या दुपारी रेडिओवर धाडच्या एका बाईचं पत्र वाचनार हायेत म्हने. कोन असन वं?”

सोजराबाईनं घाईघाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

“मले काय मालूम?”

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली खरी, पण पोहऱ्यात चित्त नव्हतं. आपलं पत्र साऱ्या मुलखानं ऐकायचं, अन् आपल्यालाच ऐकू येणार नाही! तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात कर्णा खरखरला. गाणं झालं, अन् एक बाई बोलू लागली.

“धाडहून सोजराबाई गुलाबराव लिहितात...”

शेजारी पाणी शेंदणाऱ्या अंबूबाईच्या हातून दोर सुटला. पत्र शब्द न् शब्द वाचलं गेलं. मग ती बाई म्हणाली, “सोजराबाई, तुमचं म्हणणं खरं आहे. हे उत्तर तरी तुमच्या कानी पडतंय की नाही, देव जाणे. पडलं, तर आम्हाला जरूर कळवा.”

“अवं माय! हे तूच काय वं?” अंबूबाई ओरडली.

“हाव,” सोजराबाई म्हणाली. “मीच.”

तिचे डोळे भरून आले होते. त्यातूनच तिनं चावडीकडे पाहिलं. कर्ण्याचं तोंड विहिरीकडे वळवलेलं होतं.

संध्याकाळी चावडीवर एकच कलकलाट झाला. बॅटरी दुपारीच बसली होती अन् कापसाचा भाव कुणालाच कळला नाही. जो तो उकंडरावाच्या नावानं बोटं मोडत होता, अन् उकंडराव गुलाबरावाकडे चोरून बघत होता.

गुलाबराव घरी आला, तेव्हा त्याच्या पांढऱ्या धोतरावर गुडघ्यापाशी पत्र्याचा तांबूस गंज लागलेला होता. सोजराबाई कितीतरी वेळ त्या डागाकडे बघत राहिली.

“काय झालं जी धोतराले?”

“काही नाही,” गुलाबराव म्हणाला. “वांगं चिरलं.”

अन् बंडीच्या खिशातून एक कोरं कार्ड काढून त्यानं तिच्यापुढे ठेवलं.