दारातली तपासणी

वृद्धाश्रमातले डॉक्टर खोलीत पाऊलही टाकत नाहीत, ही आईची तक्रार लेकीने नेहमीच उडवून लावली होती. आज आई आंघोळीला गेली, तशी प्रवासाने आंबलेली लेक तिच्याच पलंगावर डोक्यावरून चादर ओढून पडली. तेवढ्यात दारातून डॉक्टरांचा आवाज आला, "काय आजी, बरंय ना? पायांची सूज मस्त उतरलीय हं!" सोबतच्या नर्सने मान डोलावली आणि दोघं पुढच्या खोलीकडे वळली.

लेक तिरीमिरीत उठली, तोच सुजलेले पाय ओढत आई बाहेर आली.

"डॉक्टर काय म्हणाले गं?"

"सूज उतरली म्हणाले."

"दर वेळी तेच म्हणतात," आई पलंगावर टेकली. "आणि तुला फोनवर तेच खरं वाटतं."